पेटीचा भाव, नाण्याचा भाव

नाण्यांच्या प्रदर्शनात हल्ली एक वाक्य हमखास कानावर पडतं: "साहेब, स्लॅबमध्ये आहे, डोळे झाकून घ्या." सांगणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतं. माल अस्सल आहे, तिऱ्हाइताने तपासलेला आहे, घाबरू नका, एवढंच त्याला सुचवायचं असतं. पण ज्या छंदात बघणं हाच निम्म्याहून अधिक आनंद, तिथे डोळे झाकणं ही मालाची शिफारस ठरते आणि गिऱ्हाईकही मान डोलावून पैसे मोजतं, हे पाहिलं की मला चिडायला होतं.

छंदाबाहेरच्यांसाठी स्लॅब म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. तळहातावर मावेल अशी कडक, पारदर्शक प्लास्टिकची चपटी पेटी. आत एक नाणं कायमचं बंद. वरच्या बाजूला चिठ्ठी: नाणं कोणतं, कोणत्या सालचं, एक अनुक्रमांक, आणि सगळ्यात ठळक एक आकडा. एमएस ६३, एयू ५८, व्हीएफ ३०. एमएस म्हणजे न वापरलेलं, एयू म्हणजे जेमतेम वापरलेलं, व्हीएफ म्हणजे बऱ्यापैकी फिरलेलं. हा आकडा म्हणजे त्या नाण्याची ग्रेड. ७० म्हणजे निर्दोष, १ म्हणजे कसंबसं ओळखू येणारं. अमेरिकेत पीसीजीएस या कंपनीने १९८६ मध्ये आणि एनजीसीने १९८७ मध्ये हे काम सुरू केलं. आता आपल्याकडेही अशा पेट्या करून देणारे आहेत. ठाण्या-वाशीचा जो संग्राहक पूर्वी रविवारी लोकल पकडून फोर्टच्या फुटपाथवर नाणी चाळायला जायचा, तो आता घोडबंदर रोडवरच्या आपल्या हॉलमध्ये बसून फोनवर पेट्यांचे फोटो बघतो आणि पैसे पाठवतो. त्या फोटोत चिठ्ठी अगदी स्वच्छ वाचता येते. नाणं बऱ्याचदा प्लास्टिकवरच्या चकाकीत हरवलेलं असतं, आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नसते.

माझं म्हणणं साधं आहे. नाण्याचा भाव नाण्याच्या अंगावर जे आहे त्यावरून ठरावा. पेटी, चिठ्ठी, मखमली डबा, सोनेरी अक्षरांचं प्रमाणपत्र यांचे पैसे द्यायचे तर खुशाल द्या, पण ते वेगळे मोजा. नाण्याच्या भावात ते मिसळले की पुढे कोणालाच कळत नाही आपण नक्की काय विकत घेतलं.

पेटीवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात आणि आपण त्या एकच समजतो. पहिली, नाणं खरं आहे. दुसरी, नाणं इतकं चांगलं आहे. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर असतं, आणि ते देण्यासाठी वजन, धातू, ठशातले बारकावे, किनार हे सगळं तपासणारा जाणकार लागतो. तिथे तिऱ्हाइताचा उपयोग निर्विवाद आहे. दुसरं उत्तर मात्र मत आहे. जाणकाराचं मत, पण मतच. भावातली मोठी उडी मात्र याच मतावर बसलेली असते: एकाच सालच्या दोन नाण्यांत एकावर ६४ आणि दुसऱ्यावर ६५ लिहिलेलं असेल, तर त्या एका अंकासाठी लोक दुप्पट-तिप्पट मोजायला तयार होतात. ती दोन नाणी चिठ्ठ्या झाकून समोर ठेवली तर त्यांतलं ६५ कोणतं हे किती जणांना सांगता येईल, याबद्दल मला दाट शंका आहे.

हा आकडा आला कुठून, तीही गंमत आहे. विल्यम शेल्डन नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होता. माणसाच्या शरीराच्या ठेवणीवरून त्याचा स्वभाव सांगता येतो, असा त्याचा सिद्धांत होता आणि त्यासाठी त्याने माणसांचे तीन साचे पाडले होते. हाच गृहस्थ तांब्याच्या जुन्या अमेरिकन सेंटचा नादी. १९४९ मध्ये त्याने त्या सेंटसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. कल्पना अशी की अगदी झिजलेल्या नाण्याची किंमत एक धरली तर सर्वांत उत्तम नाण्याची सत्तर पट भरावी. म्हणजे मुळात ती तेव्हाच्या बाजारभावाची पट्टी होती, एका देशातल्या, ठराविक वर्षांतल्या, एकाच प्रकारच्या नाण्यांची. तो बाजार काही वर्षांत बदलला आणि पट्टीचं गणित कोसळलं, आकडे मात्र राहिले. आज तेच आकडे जगभरच्या सगळ्या धातूंच्या, सगळ्या काळांच्या नाण्यांवर चिकटवले जातात. आणि खुद्द शेल्डनसाहेबांनी न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली चांगली नाणी उचलून त्या जागी कमअस्सल ठेवली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालं. संग्रहातल्या पाकिटांवरच्या नोंदी जशाच्या तशा होत्या. आत नाणं दुसरंच होतं. लक्षात आलं ते जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिल्यावर.

आकडा हे मत आहे याचा पुरावा बाजार स्वतःच देतो. स्लॅब फोडून नाणं बाहेर काढायचं आणि पुन्हा त्याच कंपनीकडे पाठवायचं, या खेपेला एक अंक जास्त पडेल या आशेने, हा तिकडे राजरोस चालणारा धंदा आहे. नाणं तेच. काही वेळा आकडा खरंच वाढून येतो. मग ज्याने वाढलेल्या आकड्याचे पैसे मोजले त्याने काय विकत घेतलं? या प्रकाराने जाणते संग्राहक इतके वैतागले की २००७ मध्ये आणखी एक कंपनी निघाली, सीएसी. एनजीसीच्या उभारणीत असलेले जॉन अल्बानीज हेच तिच्या मागे. काम एवढंच: दुसऱ्यांनी पेटीत घातलेलं नाणं बघायचं आणि त्या आकड्याला ते शोभत असेल तर पेटीवर हिरवा स्टिकर लावायचा. तपासणाऱ्याला तपासणारा. लोक स्टिकरचेही वेगळे पैसे मोजू लागले. २०२३ मध्ये या कंपनीने स्वतःच्याच पेट्या बाजारात आणल्या. पेटीवरचा अविश्वास दूर करायला निघालेली मंडळी शेवटी पेटीच विकू लागली, यावर मी वेगळं काय बोलू!

आता जरा नाण्याकडे वळू.

पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया घ्या. ठाण्यात जुन्या घरांतून तो अजून निघतो. वजन ११.६६ ग्रॅम, चांदी बारा भागांत अकरा. राजाच्या झग्यावर जी साखळी आहे तिच्यात एक छोटा हत्ती लटकलेला आहे. १९११ साली निघालेल्या रुपयात या हत्तीची सोंड आणि पाय इतके आखूड पडले की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, रुपया मागे घ्यावा लागला, आणि १९१२ पासून सोंड नीट ओळखू येईल असा ठसा आला. म्हणून १९११ चा रुपया संग्राहकांना हवाहवासा. पण गोष्ट बाजूला ठेवा आणि भिंग लावून तो हत्ती बघा. नाणं हातोहात फिरलं की मुकुटावरचे खडे, राजाची भुवई, कानाची वरची कड आणि झग्यावरचं नक्षीकाम आधी घासतं. हत्तीच्या अंगावरच्या बारीक रेषा शाबूत आहेत का, झुलीची कड दिसते का, की नुसता एक गुळगुळीत फुगवटा उरलाय, यावरून हे नाणं बाजारात किती वापरलं गेलं ते कळतं.

नंतर भिंग खाली ठेवा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करून एका दिव्याखाली नाणं कडांनी धरा आणि सावकाश कलतं करत फिरवा. ठसा पडताना धातू प्रचंड दाबाखाली मधून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं न वापरलेलं असेल तर त्या रेषांवरून प्रकाशाचा एक पट्टा नाण्याबरोबर गोल गोल फिरतो. कुणी कधी ते घासून लख्ख केलं असेल तर पट्टा फिरत नाही, सगळं अंग नव्या स्टीलच्या वाटीसारखं एकसारखं चकचकतं आणि मोकळ्या भागात केसासारखे बारीक ओरखडे एकाच दिशेने गेलेले दिसतात. ही परीक्षा करायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि ती पेटीतूनही करता येते. ती कोणी करत नाही, कारण चिठ्ठीवर आकडा आहे.

शिवाय आकड्यात जे मावत नाही ते पुष्कळ असतं. एक रुपया कधीच बाजारात फिरला नाही, पण ठसाच कमजोर पडल्यामुळे हत्ती पुसट आहे. दुसरा थोडा फिरलाय, पण ठसा असा कडक की राजाच्या दाढीचा केस न् केस मोजावा, आणि शंभर वर्षांत चांदीवर कडेकडून निळसर-सोनेरी छटा चढली आहे. पहिल्याला ६१ मिळेल, दुसऱ्याला ५८. मी डोळे मिटून (हो, मीही) दुसरा घेईन. ५८ चा रुपया ६१ पेक्षा देखणा असणं यात विरोधाभास काही नाही. आकडा मुख्यतः झीज आणि ओरखडे मोजतो, देखणेपण त्याच्या हिशेबात फार थोडं असतं. दोन एमएस ६३ मधलं एक राजाच्या ऐन गालावर खोक पडलेलं असतं, दुसऱ्याची खोक मागच्या वेलबुट्टीत लपलेली. चिठ्ठी दोघांचीही सारखीच.

यंत्राच्या नाण्यांची ही गत, तर शिवराईचं काय सांगावं. शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, हातोड्याच्या घावाने पाडलेलं. ठसा बहुतेक वेळा चकतीपेक्षा मोठा, चकती ओबडधोबड. त्यामुळे एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्रपति' पूर्ण उमटलेली शिवराई हाती लागणं हे नशीब. कुठे 'श्री' बाहेर गेलेली असते, कुठे 'शिव' मधला 'व' अर्धा, कुठे कडेच्या ठिपक्यांची माळ एकाच बाजूला दिसते. शिवराई बघणारा माणूस विचारतो: अक्षरं किती आली? ठसा मध्यावर बसलाय का? अक्षराचं वळण कोणतं? शिवाजी महाराजांच्या काळानंतरही शिवराया पाडल्या जात होत्या, पेशवाईत आणि अगदी तिच्या शेवटानंतरही. दुदांडीसारखे उशिराचे प्रकार अक्षरांवरून आणि मधल्या आडव्या रेघांवरूनच ओळखतात. मग तांब्यावरचा रंग: सगळीकडे सारखा मुरलेला गडद तपकिरी की मधूनच भुरभुरीत हिरवा? त्यातला हिरवा भाग नखाला लागतो का? आणि वजन, आणि किनार. साच्यात ओतलेली नकली शिवराई ओळखायची तर किनारीवरची जोडाची रेघ आणि अंगावरचे बारीक खड्डे बघावे लागतात.

या सगळ्यातलं काय पेटीवरच्या 'व्हीएफ २५' मध्ये येतं? अक्षरं किती आली हे त्यात नाही. वजन करायची सोय नाही, किनार अर्धीमुर्धी दिसते, तांबं बोटाला कसं लागतं हे कळायला मार्ग नाही. अमेरिकन सेंटसाठी केलेली पट्टी हातोड्याखालच्या नाण्याला लावायची, आणि 'व्हीएफ २५' ची मधोमध फाटलेली शिवराई 'एफ १२' च्या पूर्णाक्षरी शिवराईपेक्षा महाग विकायची, हे मी पाहिलं आहे. विकणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. आपणच आकडा मागतो.

दुसरी बाजूही दमदार आहे, तिला टाळून चालणार नाही. नकली नाण्यांचा सुळसुळाट आहे, हे पहिलं. चिनी ठशांचे व्हिक्टोरियाचे रुपये इतके हुबेहूब येतात की नवखा सहज फसतो. जुन्या ठशातला सालाचा एखादा आकडा कोरून दुर्मीळ साल तयार करणं तर त्याहून जुनी युक्ती. नवख्याला डोळा यायला वर्षं लागतात. तोवर त्याने काय करायचं? दुसरं, वारस. नौपाड्यात एखाद्या आजोबांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह त्यांच्या माघारी मुलीच्या हातात येतो. तिला नाण्यांतलं ओ की ठो कळत नाही. तिच्यासमोर व्यापारी बसला की त्याचाच भाव चालतो. तीच नाणी पेटीत, आकड्यासकट असती तर तिला निदान चार ठिकाणी विचारता आलं असतं. तिसरं, दूरची खरेदी. नागपूरच्या विक्रेत्याकडून कोपरखैरण्यात बसून घ्यायचं तर प्रत्यक्ष पाहणं कसं जमणार?

हे तिन्ही मुद्दे मला मान्य आहेत, आणि म्हणूनच मी पेट्या बंद करा असं म्हणत नाही. पण नीट बघितलं तर तिन्ही मुद्दे पहिल्या प्रश्नाचे आहेत, नाणं खरं की खोटं याचे. नवखा माणूस महागाचं दुर्मीळ साल घेत असेल तर तपासून पेटीत घातलेलंच घ्यावं. मात्र अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं शेजारी शेजारी ठेवून बघावं, कारण २००८ च्या सुमारास नकली नाणीच नव्हे तर नकली पेट्याही बाजारात आल्या, चिठ्ठीसकट. म्हणजे पेटीवर विश्वास ठेवायचा तरी शेवटी नाणंच बघावं लागतं. आजोबांच्या मुलीचं म्हणाल, तर तिला पेट्यांपेक्षा एक वही जास्त कामाला आली असती: कोणतं नाणं, कुठून घेतलं, किती वजन, काय दोष, काय खास. पण वही लिहिणारे संग्राहक आता पेटीवाल्यांपेक्षाही दुर्मीळ झालेत.

आपल्याकडे यात कायद्याचाही एक पेच आहे, जो फार थोड्यांना ठाऊक असतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू, आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तेव्हा १९११ चा रुपया किंवा शिवराई टपालाने अमेरिकेला धाडून आकडा लावून आणणं हा मार्ग सरळ नाही. मग परदेशी पेटीतलं इतकं जुनं भारतीय नाणं समोर आलं की ते बाहेरच्या एखाद्या लिलावातून परत आलं असावं, हे धरून चाला आणि विक्रेत्याला बिल मागा. बिल मागितल्यावर त्याचा चेहरा कसा होतो, तेही बघा.

पेटीचं वेड फक्त खासगी बाजारात आहे असंही नाही. सरकारी टांकसाळी स्मारक नाणी डब्यात घालून विकतात. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी ७५ रुपयांचं नाणं निघालं: ४४ मिलिमीटर व्यास, ३५ ग्रॅम वजन, निम्मी चांदी. दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भावाने ते डब्यासकट विकलं गेलं. यात गैर काही नाही. स्मारक म्हणून कोणाला हवं असेल त्याने घ्यावं. गैर पुढे घडतं. डब्याचं सील फोडलं की भाव पडेल, या भीतीने लोक तो उघडतच नाहीत. आतल्या प्रूफ नाण्याच्या आरशासारख्या भागावर पांढरा डाग पडलाय की बोटाचा ठसा राहिलाय हे न बघता 'सीलबंद' म्हणून सौदे होतात. त्यात 'प्रूफ' हा शब्द ऐकला की ती उत्तम अवस्थेची खूण समजतात. प्रूफ ही बनवण्याची रीत आहे: चकाकी दिलेले ठसे, निवडक चकत्या, एकाहून जास्त वेळा दाब. डाग पडलेलं, ओरखडलेलं प्रूफ नाणंही प्रूफच राहतं आणि ते साध्या चांगल्या नाण्यापेक्षा वाईट दिसू शकतं.

ठाण्याच्या माणसाला जवळचं उदाहरण द्यायचं तर रेल्वेचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली, त्या रेल्वेला दीडशे वर्षं झाली म्हणून २००३ मध्ये दोन रुपयांचं नाणं निघालं, हातात कंदील घेतलेला भोलू हत्ती, म्हणजे रेल्वेचं बोधचिन्ह, असलेलं. ते चलनातलं नाणं होतं. तेव्हा रिक्षावाल्याने सुट्ट्यात दिलेलं कित्येकांच्या डब्यात अजून पडलेलं असेल. तेच नाणं आता अॅक्रिलिकच्या चौकटीत, मागे वाफेच्या इंजिनाचं चित्र आणि 'ऐतिहासिक ठाणे' असलं काहीतरी छापून भेट म्हणून मिळतं. चौकट दोनशेची असेल तर दोनशेची म्हणून घ्या. मात्र त्या हत्तीच्या टोपीवर दहा वर्षांच्या खिशांचे ओरखडे असतील तर ते चौकटीमागे पुसले जात नाहीत. वैष्णोदेवीचं नाणं द्या आणि लाखो मिळवा, असल्या जाहिरातींबद्दल इथे काही लिहिण्यात अर्थ नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतःच लोकांना सावध केलं होतं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपल्या नावाने कोणी फी मागितली तर देऊ नका.

वेष्टनाचं खरं काम रक्षण, आणि आपल्या हवेत ते नीट होत नाही, हे मात्र तपशिलात सांगायला हवं. एका बाजूला ठाण्याची खाडी, दुसऱ्या बाजूला चार महिने भिंतीला हात लावला तरी ओला होईल असा पाऊस. वाशी, ऐरोली, कळवा, कुठेही कपाटातलं तांबं जुलैत रंग बदलतं. स्लॅब हवाबंद असतो हा गैरसमज आहे. तो हवाबंद नसतो. आतलं लालसर तांबं काही पावसाळ्यांत तपकिरी होतं, चिठ्ठीवर मात्र 'रेड' तसंच राहतं. ते चिठ्ठीकडे बघून विकलं जातं, तेव्हा विकत घेणाऱ्याने नेमकी कोणती वस्तू घेतली? साध्या अल्बमांची तऱ्हा याहून वाईट. मऊ, वासाच्या पीव्हीसी प्लास्टिकची पानं कालांतराने आम्ल सोडतात आणि नाण्यावर चिकट हिरवट थर येतो. नवं पान घेताना ते नाकाशी धरून बघा. पावसाळी रेनकोटसारखा वास आला तर ठेवून द्या. मायलर नावाच्या कडक, बिनवासाच्या प्लास्टिकची पाकिटं, डब्यात सिलिका जेल, आणि जेल वेळच्या वेळी वाळवणं, एवढं केलं तर कोणत्याही पेटीइतकं रक्षण होतं आणि हवं तेव्हा नाणं हातातही घेता येतं.

घरोघरच्या लक्ष्मीपूजनाच्या रुपयांबद्दल थोडं, कारण प्रदर्शनात सगळ्यात जास्त विचारणा त्यांचीच होते. एक काकू रुमालातून पाच-सहा रुपये काढतात. "आमच्या सासूबाईंचे आहेत हो, दिवाळीला चिंच नि राख लावून घासायच्या. केवढ्याला जातील?" रुपये लखलखत असतात. भिंगातून बघितलं की 'व्हिक्टोरिया एम्प्रेस' या अक्षरांच्या खाचांत हळदीकुंकू दिसतं, इतकं घट्ट बसलेलं की ते काढायला सुई लागेल. राणीच्या केसांच्या बटा मात्र गेलेल्या, गाल सपाट. यावर हल्ली हटकून सल्ला मिळतो, "काकू, पेटी करून घ्या, भाव येईल." हा सल्ला चुकीचा आहे, आणि माहीत असून दिला असेल तर लबाडीचा आहे. पेटी करून देणारा प्रामाणिक असेल तर तो या रुपयांवर आकडा न घालता 'साफ केलेलं' असा शेरा मारून परत देईल. काकूंना सरळ सांगावं की संग्राहकाच्या नजरेने या रुपयांना चांदीच्या भावापेक्षा फार काही मिळणार नाही, कारण यांचं अंग घासलेलं आहे. आणि हेही सांगावं की पुढच्या दिवाळीला चिंच वापरू नका. नुसत्या ओल्या कापडाने टिपा. मग त्या विकतील किंवा देवघरात ठेवतील, तो त्यांचा प्रश्न.

तर करायचं काय? माझी मागणी विक्रेत्यांपेक्षा प्रदर्शन भरवणाऱ्यांकडे आणि मंडळांकडे आहे, कारण रीत तेच पाडू शकतात. ठाण्यात आणि नवी मुंबईत जे नाणेप्रेमी एकत्र येऊन हॉल घेतात, त्यांनी टेबल देताना दोन अटी घालाव्यात. प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि शंभरांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा असलाच पाहिजे. तसला काटा सराफी सामानाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळतो. आणि उघडं नाणं गिऱ्हाइकाने मागितलं तर मखमली तबकावर, कडांनी धरून बघू दिलं पाहिजे. "हाताळलं आणि पडलं तर जबाबदारी कोणाची?" हा विक्रेत्यांचा आक्षेप मी ऐकलेला आहे. तो रास्त आहे, म्हणून तबक आणि खाली जाड कापड. तरीही ज्याला बघू द्यायचं नसेल त्याने पेटीतलंच विकावं, पण दिव्याखाली कलतं करून दाखवायला नाही म्हणू नये.

तिसरी गोष्ट अट म्हणून नाही, सवय म्हणून लागावी अशी. पावती दोन ओळींची करा. पहिल्या ओळीत नाण्याची किंमत आणि त्याची अवस्था विक्रेत्याच्या स्वतःच्या शब्दांत: ठसा कसा, झीज कुठे, साफ केलंय का, अक्षरं किती. दुसऱ्या ओळीत पेटीचे, तपासणीचे, डब्याचे पैसे. पहिली ओळ लिहायची तर विक्रेत्याला नाणं बघावं लागेल, आणि ती वाचल्यावर घेणाऱ्यालाही. मी ओळखीच्या दोन-तीन विक्रेत्यांना हे सुचवून पाहिलं. एकाने हसून सोडून दिलं. दुसरा म्हणाला, "शेठ, पहिली ओळ लिहायची तर मला प्रत्येक नाणं घरी नेऊन बघायला लागेल." तिसऱ्याने मात्र त्याच वेळी समोरची शिवराई उचलली, भिंग लावलं आणि पावतीच्या मागे लिहायला सुरुवात केली: 'राजा' पूर्ण, 'शिव' मधला 'व' अर्धा, किनार शाबूत, हिरवट डाग एक, 'ति' च्या खाली.